चिमणीचा पाइप बाहेर काढायचा की हवा आतच फिरवायची?

ठेचा परतायला घेतला की अख्खं घर खोकत सुटतं, म्हणून आपण चिमणी घ्यायला जातो. दुकानात हमखास सांगतात, "भिंत कशाला फोडता? बिनपाइपाची घ्या, कोळशाचा फिल्टर सगळं शोषून घेतो." सोलापुरात इतकी स्वयंपाकघरं बसवल्यावर मी ठामपणे सांगतो, बाहेरची भिंत तुमची असेल तर पाइप बाहेरच काढा. गॅसच्या वर बसणारा पंखेवाला मायक्रोवेव्ह घेतलात तरी हिशोब हाच.

जाळी तेल अडवते, कोळसा वास धरतो. वाफ आणि उष्णता दोघांनाही अडवता येत नाही. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण २२ लिटर. बिनपाइपाची चिमणी ही सगळी वाफ परत तुमच्याच तोंडावर सोडते. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असताना भाकरी थापणाऱ्या बाईला विचारा, काय होतं ते. शिवाय तो कोळसा बहुतेक चिमण्यांत धुता येत नाही. रोजची फोडणी-तळण असेल तर तीन ते सहा महिन्यांत नवा घालावा लागतो, आणि तो वेळेवर घालणारी घरं मी फार थोडी पाहिली.

शेगडीपासून चिमणीची खालची कड ६५ ते ७५ सेंटिमीटरवर ठेवा, पुस्तिकेत वेगळं माप असेल तर तेच धरा. टांगणं आणि प्लग देणं हे तासाभराचं काम.

खरी परीक्षा पाइपाच्या वाटेची. चिमणी विकत घेण्याआधी ही वाट ठरवा.

जुळे सोलापूरमध्ये माझ्या बहिणीच्या घरी मी हीच चूक केली. ओटा आतल्या भिंतीला होता. पाइप फॉल्स सीलिंगमधून चौदा फूट फिरवला, तीन वळणं दिली आणि खिडकीच्या काचेत चार इंची भोक तयार होतं म्हणून शेवटी सहाचा पाइप चारवर आणला. मशीन जोरात ओरडायचं, धूर मात्र जागेवरच. सहा इंचाचं तोंड चारवर आणलं की हवेची वाट निम्म्याहूनही कमी उरते, हे तेव्हा ध्यानात घेतलं नाही. पावसाळ्यात पाइपातली वाफ थंड होऊन तेलकट पाणी शेगडीवर ठिबकायला लागलं. शेवटी सगळं उपसून ओट्यालगतच्या बाहेरच्या भिंतीकडे शेगडीसकट चिमणी सरकवली. त्या दिवसापासून माझा नियम: सहाचा पाइप शेवटपर्यंत सहाच, लांबी सहा-सात फुटांच्या आत, वळण एक, फार तर दोन. हे जमत नसेल तर चिमणीची जागा बदला. जास्त ताकदीचं मशीन घेऊन लांब पाइपाची भरपाई करायच्या नादी लागू नका.

अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप पूर्ण ताणून लावा आणि उरलेला कापून टाका. "पुढे लागेल" म्हणून गुंडाळून ठेवलेल्या पाइपाच्या घड्यांतच तेल साठतं. सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं बंद करा. स्क्रू मारायचाच असेल तर चिमणीच्या तोंडावरची, हवा उलटी येऊ न देणारी झडप त्याला अडकत नाही ना, हे बोटानं ढकलून पाहा. नवीन चिमणी ओढत नाही म्हणून मला बोलावतात, तेव्हा मी आधी हेच तपासतो.

भोक कोअर कटिंगनं, म्हणजे गोल भोक कापणाऱ्या मशीननं पाडा, छिन्नी-हातोड्यानं नको. बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा. बीम-कॉलमला हात लावू नका. बाळीवेस, चाटी गल्लीकडच्या जुन्या जाड दगडी भिंतींच्या वाटेला मी जात नाही, खिडकीचं वरचं तावदान काढून तिथे पत्रा बसवतो. आपल्याकडे पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाइपाचं तोंड पश्चिमेला निघत असेल तर झडपेची टोपी हवीच. बंद केलेल्या बाल्कनीत किंवा संडासाच्या डक्टमध्ये पाइप सोडणं म्हणजे तोच धूर फिरून घरात घेणं.

चिमणी चालू असताना लांबची एक खिडकी उघडी ठेवा, ओट्याजवळची नको. न्हाणीघरात गॅस गीझर असेल तर ही सूचना जिवाची समजा. बंद घरात जोरात ओढणारी चिमणी गीझरचा विषारी धूर आत खेचू शकते.

भाड्याचं घर आहे, सोसायटी भोक पाडू देत नाही, तर बिनपाइपाची घ्या, पण खिडकीत उंचावर एक्झॉस्ट फॅन लावून. एकट्या कोळशावर भागत नाही.

शेवटी पेटती उदबत्ती जाळीखाली धरा. धूर सरळ वर जायला हवा आणि बाहेर झडप उघडी दिसायला हवी. ती झडप दर सहा महिन्यांनी साबणाच्या गरम पाण्यानं पुसा, आपल्याकडच्या धुळीत तेल मिसळलं की ती चिकटून बसते.