गाडीच्या रेडिओतली खरखर अशी घालवली

माझ्या जुन्या पेट्रोल व्हॅनमध्ये कोल्हापूर आकाशवाणी एफएमवर स्वच्छ लागायची, पण मीडियम वेव्हवर सांगली लावली की बातम्या कमी, खरखर जास्त. मीडियम वेव्ह म्हणजे एएम, आणि एएमचा स्वभावच तसा, इंजिनातल्या ठिणगीचा गोंगाट सरळ आवाजात मिसळतो.

कान देऊन ऐकलं तर खरखरीत टकटक होती आणि शिट्टीही. रेडिओमागची एरियलची पिन उपसून पाहिली. टकटक थांबली, शिट्टी तशीच. म्हणजे दुखणी दोन. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची, सप्लायच्या वायरीतून येणारी. टकटक स्पार्क प्लगची, हवेतून एरियलवर येणारी.

उद्यमनगरातल्या वायरमनमामांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. "एरियलचं बूड बघूया की!" नट सोडला तर खाली पत्र्यावर तांबूस गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, ग्रीस लावून नट आवळला. एरियलला अर्थिंग, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी पक्की जोडणी, मिळाली आणि निम्मी खरखर तिथंच गेली. मग ठिणगीचा गोंगाट दाबणारे रेझिस्टरवाले स्पार्क प्लग घातले. रेडिओची प्लस वायर फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये वायरीतला गोंगाट अडवणारा, चोक (तारेचं वेटोळं) आणि कपॅसिटरचा फिल्टर. शिट्टी बंद.

लायटरमधला स्वस्त मोबाइल चार्जर मात्र अजून कुरकुरतो. बातम्यांच्या वेळी तो काढून ठेवतो.