डायरी की अ‍ॅप हे नंतर ठरवा, आधी या चुका टाळा

वहीवाले म्हणतात अ‍ॅपमध्ये लिहिलेलं डोक्यात राहत नाही, अ‍ॅपवाले म्हणतात वहीतलं वेळेवर सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बऱ्यापैकी बरोबर आहे. मी दोन्ही वापरतो. विचार करायला कागद आणि शोधायला स्क्रीन, एवढी साधी वाटणी आहे माझी. बहुतेक घोळ होतात ते एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना, किंवा दोन्हीपैकी कशाचीच नीट माहिती न घेता उत्साहात उडी मारल्यावर. तेच तेच प्रश्न विचारले जातात, तीच तीच रडगाणी ऐकू येतात, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो.

सिंकला बॅकअप समजणं

ही चूक नंबर एक, आणि हिच्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

माझी एक मैत्रीण संशोधनासाठी लोकांच्या मुलाखती घ्यायची आणि रोज रात्री सगळं एका नोट्स अ‍ॅपमध्ये टाईप करायची. फोनवर तेच अ‍ॅप, लॅपटॉपवर तेच अ‍ॅप, त्यामुळे बाई निर्धास्त, की माझ्या तर दोन कॉप्या आहेत. एक दिवस फोन भरला, म्हणून तिने फोनवरच्या जुन्या नोट्स सिलेक्ट करून उडवल्या, लॅपटॉपवर आहेतच की! आता सिंक म्हणजे काय, तर एकीकडे जे होईल ते दुसरीकडे जसंच्या तसं करणं, डिलीट सुद्धा. लॅपटॉपने इमानेइतबारे तिकडच्याही उडवल्या. त्या काळात ती वेगळ्याच प्रकरणावर काम करत होती त्यामुळे लक्षात यायला बरेच आठवडे गेले, तोवर अ‍ॅपचा ट्रॅशही आपोआप रिकामा झालेला. मग फोन, रडारड, "काहीतरी कर ना".

वाचली ती दोन गोष्टींमुळे. तिचा एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता, तो बरेच महिने नेटला जोडलाच नव्हता. तो चालू करायच्या *आधी* मी घरातलं वायफाय बंद करायला लावलं, कारण नेट मिळालं असतं तर त्या लॅपटॉपनेही सिंक करून उरलंसुरलं साफ केलं असतं. नेट नसताना अ‍ॅप उघडलं, जुन्या नोट्स होत्या, एकेक कॉपी करून साध्या टेक्स्ट फाईलमध्ये आणि पेनड्राईव्हवर. आणि त्यानंतरच्या ज्या मुलाखती त्या लॅपटॉपवर नव्हत्याच, त्यांच्यासाठी तिच्या मुलाखतीच्या वेळच्या रफ वह्या कामाला आल्या. अक्षर भयाण, अर्धी वाक्यं, बाण, पण तारीख होती आणि कोण बोलतंय ते होतं, त्यावरून बरंचसं परत उभं राहिलं. सगळं नाही.

तर तुमच्याही नोट्स अशा गायब झाल्या असतील तर पहिलं काम म्हणजे बाकीच्या सगळ्या डिव्हाइसेसचं नेट बंद करा, एअरप्लेन मोड टाका, आणि मगच अ‍ॅप उघडून बघा. दुसरं, ट्रॅश बघा पण लवकर बघा, गुगल कीपमध्ये डिलीट केलेली नोट 7 दिवस राहते, अ‍ॅपलच्या नोट्समध्ये साधारण 30 दिवस. तिसरं, घाईत अ‍ॅप अनइन्स्टॉल करून परत टाकू नका, हा सल्ला देणारे लोक मला भेटले की माझं डोकं फिरतं, कारण फोनवर उरलेली लोकल कॉपी त्याने पहिली जाते.

आणि हे होऊच नये म्हणून माझी सवय सांगतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या नोट्स एक्स्पोर्ट करायच्या आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायच्या, आणि त्यातली कुठलीही एक फाईल उघडून वाचायची. उघडून बघितली नाही तर तो बॅकअप धरत नाही मी. फोटोग्राफर लोकांमध्ये 3-2-1 नावाचा नियम आहे, कॉप्या 3, वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर 2, आणि त्यातली 1 घराबाहेर. नोट्सना तोच नियम लागू पडतो, फक्त नोट्सचा आकार इतका छोटा असतो की आळसाला कारणच उरत नाही.

एक्स्पोर्ट कसं होतं हे न बघता अ‍ॅपमध्ये संसार थाटणं

अ‍ॅप्स बंद पडतात, धोरणं बदलतात. गुगल नोटबुक 2012 मध्ये बंद झालं, स्प्रिंगपॅड 2014 मध्ये गेलं, एव्हरनोटने 2023 च्या शेवटी फुकट वापरणाऱ्यांना 50 नोट्स आणि एकच नोटबुक अशी मर्यादा घातली. कंपन्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही, त्यांचा धंदा आहे. आपण आत शिरताना बाहेरचं दार कुठे आहे ते बघायचं. नवीन अ‍ॅप घेतलं की मी आधी दोन-चार फालतू नोट्स लिहितो, एक फोटो चिकटवतो, आणि लगेच एक्स्पोर्ट करून बघतो की फोटो जागेवर आला का, तारखा टिकल्या का. साध्या टेक्स्ट किंवा मार्कडाउन (म्हणजे हेडिंग, यादी वगैरे साध्या चिन्हांनी दाखवणारी टेक्स्टच) फाईल देणारं अ‍ॅप असेल तर उत्तम, त्या फाईल्स कुठेही उघडतात. फक्त पीडीएफ देत असेल तर मी पुढे जात नाही.

शब्द न् शब्द टाईप करणं

लेक्चरला किंवा मीटिंगला बसून कोर्टातल्या टायपिस्टसारखं सगळं उतरवून घेणारे लोक. नंतर त्यांना विचारा, काय ठरलं? तर स्क्रोल करत बसतात.

इथे वहीवाले लगेच 2014 चा तो पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा अभ्यास तोंडावर फेकतात, की विज्ञानाने सिद्ध केलंय, हातानेच लिहा. त्या अभ्यासात लॅपटॉपवाल्या विद्यार्थ्यांनी जवळजवळ जसंच्या तसं उतरवलं आणि संकल्पना समजल्यात का अशा प्रश्नांना ते मागे पडले, हे खरं. त्यांना "शब्दशः उतरवू नका" असं सांगून सुद्धा ते उतरवतच राहिले, ही मला त्यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते. पण नंतर 2019 आणि 2021 मध्ये इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा शब्दशः लिहिण्याची खोड दिसली, मार्कांमधला फरक मात्र तितका ठाम दिसला नाही. त्यामुळे "सिद्ध झालंय" वगैरे जरा जपून.

माझं मत असं की खरी भानगड वेगाची आहे. हात बोलण्याच्या वेगाला पुरतच नाही, म्हणून निवडावं लागतं, आणि निवडायचं तर समजून घ्यावं लागतं. कीबोर्डवर वेग आला की ही सक्ती जाते. टाईपच करायचं असेल तर समोरचा बोलत असताना हात बाजूला ठेवा, मुद्दा संपला की एक वाक्य लिहा, तुमच्या शब्दांत. पहिल्यांदा जीव कासावीस होतो, काहीतरी निसटतंय असं वाटतं. निसटू दे. आणि हल्ली जो नवीन शॉर्टकट आलाय, रेकॉर्डिंग लावायचं आणि सारांश एआयकडून काढून घ्यायचा, त्याला माझा विरोध नाही, काय ठरलं याची नोंद म्हणून चालेल. पण तो सारांश वाचून "मी नोट्स काढल्या" म्हणू नका, तुम्ही काही काढलेलं नाही.

पेनाकडे न बघणं

कागद सुरक्षित, त्याला ना बॅटरी ना पासवर्ड, असं म्हणणाऱ्यांसाठी माझ्या आतेभावाची गोष्ट. तो साईटवर मोजमापं डायरीत लिहितो आणि त्याला खाडाखोड अजिबात खपत नाही, म्हणून त्याने ते घासून खोडता येणारं जेल पेन घेतलं. एकदा डायरी उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली, दुपारी उघडली तर पानं कोरी. आधी त्याला वाटलं कोणीतरी डायरी बदलली, मग नावाचं पान बघितलं (ते बॉलपेनने लिहिलेलं होतं, म्हणून शाबूत), तेव्हा साहेबांचा चेहरा पडला.

या पेनांची शाई उष्णतेने रंगहीन होते. खोडताना आपण घासतो तेव्हा रबराने शाई निघत नाही, घासण्याने जी उष्णता तयार होते तिने रंग जातो, साधारण 60 अंशांच्या आसपास. बंद गाडीचा डॅशबोर्ड भर उन्हात तिथवर पोचू शकतो. पण शाई कागदावरच असते, त्यामुळे उपाय आहे. डायरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची. शून्याच्या खाली दहा-वीस अंशांवर रंग परत येतो, घरचा फ्रीझर साधारण उणे 18 ला असतो, काम होतं. त्याचं झालं. फक्त गंमत अशी की आधी मुद्दाम खोडलेलं जे जे होतं ते पण परत आलं, बरोबर आकड्याच्या अंगावर चुकीचा आकडा, दोन्ही फिकट, आता यातला खरा कुठला ते ओळखा. अर्ध्या भिंती परत मोजल्या त्याने.

म्हणून, जे ठेवायचंय ते बॉलपेनने किंवा पिगमेंट शाईच्या पेनाने लिहा. फाउंटन पेनच्या बहुतेक नेहमीच्या शाया पाण्यात विरघळतात, दिसायला कितीही देखण्या असल्या तरी. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि पुढे चला. आणि त्या खोडता येणाऱ्या पेनाने लिहिलेलं पान लॅमिनेट करायला देऊ नका, कारण उघड आहे.

बाकीच्या, पटापट

पानावर तारीख न लिहिणं, किंवा लिहिली तर वर्ष न लिहिणं. "12 मार्च" म्हणजे कुठला मार्च हो?

पानांना नंबर नसणं. बुलेट जर्नल, म्हणजे एकाच वहीत छोट्या मुद्द्यांनी कामं आणि नोंदी ठेवायची पद्धत, ती काढणाऱ्या रायडर कॅरोलचं बाकी काही घेऊ नका, रंगीत हेडिंगं आणि वेलबुट्टी तर मुळीच नको (ती त्याने शिकवलेली पण नाहीत, ती नंतरच्या हौशी मंडळींची भर), पण पहिली दोन-तीन पानं सोडून तिथे अनुक्रमणिका ठेवणं तेवढं उचला. वहीतलं सापडत नाही ही तक्रार त्याने निम्मी मिटते.

वेळेवर आठवण व्हायला हवी अशी गोष्ट फक्त वहीत लिहिणं. वही वाजत नाही.

पासवर्ड साध्या नोटमध्ये ठेवणं. नका ठेवू. पासवर्ड मॅनेजर नावाची गोष्ट असते.

लिहायच्या आधी टॅगांची खोगीरभरती. दहा नोट्स आणि चाळीस टॅग असलेले महाभाग असतात, हे सगळे आरंभशूर. त्यांना निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या चिठ्ठ्यांच्या कपाटाचं फार वेड असतं, त्याच्यासारखं जाळं अ‍ॅपमध्ये विणायचं असतं, ठिपके आणि रेघांचा तो ग्राफ बघत बसायचं असतं. लुमानने साधारण 90,000 चिठ्ठ्या लिहिल्या, हाताने, चाळीसेक वर्षं, प्रत्येकीला नंबर देऊन. ग्राफ नव्हता त्याच्याकडे. आधी शंभरेक नोट्स होऊ द्या, मग टॅग आपोआप सुचतात, आणि पाच-सहाच्या वर लागत नाहीत.

मराठीत लिहिणाऱ्यांचं खास दुखणं

हे फारसं कोणी सांगत नाही. अ‍ॅपमध्ये सर्च आहे म्हणून आपण निवांत असतो, पण एकच शब्द आपण कधी देवनागरीत लिहितो, कधी रोमनमध्ये, आणि देवनागरीत सुद्धा मीटिंग, मिटिंग, मिटींग असं जसं बोट पडेल तसं. सर्चला हे तीन वेगळे शब्द. मग "माझी नोट उडाली" म्हणून बोंब, नोट तिथेच असते. मी नोटच्या तळाला एक ओळ ठेवतो आणि त्यात शोधायचे शब्द टाकतो, देवनागरी आणि रोमन दोन्हीत, चुकीच्या स्पेलिंगसकट. दिसायला गचाळ आहे, पण उपयोगी पडतं.

आणि जुन्या कृतिदेव किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईल्स असतील तर त्या आत्ताच युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून घ्या. त्या फाईलमध्ये मुळात रोमन अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट वरून मराठी आकार दाखवतो, फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो आणि सर्च तर होतच नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याने तपासा, तिथे हमखास गडबड असते.

वही भिजली तर

पानं ओढून सुटी करू नका, हेअर ड्रायर नको, उन्हात तर नकोच. पानांमध्ये टिश्यू किंवा टीपकागद घाला, पंख्याखाली उभी ठेवा, कागद ओले झाले की बदला. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी थांबते आणि नंतर सावकाश वाळवता येतं. ओला कागद दोन दिवस तसाच पडला की बुरशी धरायला लागतो, तेव्हा "रविवारी बघू" चालणार नाही.

पानांचे फोटो काढले म्हणजे झालं डिजिटल

नाही झालं. ते फोटो गॅलरीत लग्नाच्या आणि मांजराच्या फोटोंखाली गाडले जातात. घाईने तिरके काढलेले, अर्ध्या पानावर स्वतःच्याच हाताची सावली. हाताने लिहिलेलं मराठी ओळखून त्याचा टेक्स्ट करून देणारी साधनं सुधारत आहेत, पण माझं अक्षर बघता मी त्यांच्यावर विसंबत नाही. वही संपली की एकदा बसायचं, कामाची पानं तेवढी स्कॅनर अ‍ॅपने घ्यायची आणि बाकीची सोडून द्यायची, सगळी वही एका शनिवार-रविवारात स्कॅन करायला घेणारे विसाव्या पानावर दम टाकतात. स्कॅन झाल्यावर फाईलला नाव द्या, "2025-03 वही 2 पान 40 ते 60" असं काहीतरी. अ‍ॅप स्वतःहून जे नाव देतं त्यात तारीख असते खरी, पण ती स्कॅन केल्याची, लिहिल्याची नाही.