लाल बिन रिकामी दिसली की सावध व्हा : नव्या शिफ्ट सुपरवायझरसाठी

डिप्लोमा किंवा बी.ई. करून ट्रेनी म्हणून लागलात, दोन-तीन वर्षं लाइनवर घासली आणि आता शिफ्ट हातात येणार आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कारखान्यात मशिन शॉप बघतो. फाइव्ह एस, ओईई, पीपीएम, व्हाय-व्हाय ही क्वालिटी-प्रॉडक्शनची सगळी हत्यारं तुम्हाला येतात असं धरून चालतो. जे कोणी शिकवत नाही ते वेगळंच आहे. कस्टमरची गाडी गेटवर उभी आहे, फोन थांबत नाही, आपलं डोकं तापलेलं आहे, आणि त्याच वेळी समोरच्या ऑपरेटरच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं.

याला भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1995 नंतर डॅनियल गोलमन यांच्यामुळे ती कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये आली. त्यावरची दोन दिवसांची वर्कशॉप मी केली आहेत. माझं स्पष्ट मत असं की त्यांच्यावर विसंबून राहू नका. तिथे हॉलमध्ये एसी चालू असतो आणि कुठलीही मशीन बंद पडलेली नसते. ही गोष्ट फ्लोअरवरच शिकावी लागते.

आता ज्या सापळ्यात मी बराच काळ होतो तो सांगतो. जरा लांबण लावणार आहे, कारण जवळजवळ प्रत्येक नवा सुपरवायझर यात सापडतो.

सापळा म्हणजे शांत शिफ्ट. मशिनी चालू, टार्गेट पूर्ण, लाल बिनमध्ये (रिजेक्ट माल टाकतात तिच्यात) दोन-चार जॉब, म्हणजे नग, कोणाची तक्रार नाही. सकाळी हँडओव्हर देताना 'काही प्रॉब्लेम नाही' असं सांगून आपण बसमध्ये बसतो. आपल्याला वाटतं शिफ्ट हातात आली. मग काही दिवसांनी कस्टमरकडून बोअर (जॉबमधलं भोक) ओव्हरसाइज असल्याची तक्रार येते, बॅच नंबर बघावा तर याच शांत शिफ्टचा.

असं कसं होतं ते एका मशीनपाशी जाऊन बघू. थर्ड शिफ्ट, पहाटेचे अडीच-तीन. बोअरिंग बारचा इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं पातं, चिपला. ऑपरेटरने नवा इन्सर्ट लावला, पण टूल ऑफसेट, म्हणजे नव्या पात्यासाठी मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती, नीट दिला नाही. पुढचे काही जॉब निघाले आणि मग त्याने गेज लावला. गेजची नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली. पोरगा बावीस-तेवीसचा, लातूरकडचा, कंत्राटी. जॉब एका हातात, गेज दुसऱ्या हातात, नजर सुपरवायझरच्या काचेच्या केबिनकडे. आदल्या आठवड्यात शेजारच्या मशीनवरच्या मुलाला रिजेक्ट जॉब हातात घेऊन शिफ्टच्या सगळ्या लोकांसमोर उभं केलेलं त्याने पाहिलेलं असतं. हा मुलगा तिथे उभा राहून हिशेब करतो. सांगितलं तर बोलणी नक्की, तीही आत्ता, आणि कदाचित ठेकेदाराला फोन जाऊन उद्यापासून गेट बंद. नाही सांगितलं तर? जॉब पुढे असेंब्लीत खपूनही जातील. पकडले गेले तरी तेव्हा कोणत्या मशीनचे, कोणाच्या हातचे, कोण शोधणार? तो जॉब ओके ट्रेमध्ये, बाकीच्यांच्या मध्ये सरकवतो.

या मुलाला कामचुकार म्हणू नका. त्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. त्या फ्लोअरवर खरं बोलण्याचा खर्च लपवण्याच्या खर्चापेक्षा जास्त आहे, इतकंच. तो खर्च त्याने ठरवलेला नाही. तो शिफ्ट चालवणाऱ्याने ठरवलेला असतो, अनेकदा नकळत, एखाद्याच दिवशी चढवलेल्या आवाजाने. म्हणून लाल बिन रिकामी दिसली की मला आता भीती वाटते. सुपरवायझर म्हणून तुम्ही कसे आहात हे मोजायचं असेल तर एकच आकडा बघा: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती मिनिटांत पोचते.

हे फक्त माझं म्हणणं नाही. हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी 1996 मध्ये हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. चांगली टीम कमी चुका करत असेल असा त्यांचा अंदाज होता. निघालं उलटं. चांगल्या वातावरणाच्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथे लोक चुका बोलून दाखवत होते. पुढे 1999 चा त्यांचा अभ्यास तर आपल्यासारख्याच उत्पादन कंपनीतला आहे, अमेरिकेतली ऑफिस फर्निचर बनवणारी कंपनी, 51 टीम. जिथे चूक सांगायची, मदत मागायची भीती नव्हती, त्या टीम शिकत होत्या आणि कामही चांगलं करत होत्या. क्वालिटीचे गुरू डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या 14 मुद्द्यांमधला आठवा मुद्दाही हाच: भीती घालवा. आपण त्यांचं पीडीसीए (प्लॅन-डू-चेक-ॲक्ट) भिंतीवर लावतो आणि हा मुद्दा सोडून देतो.

टोयोटाची अँडॉनची दोरी तुम्हाला माहीत आहे. काही बिघडलं की कामगार दोरी ओढतो, टीम लीडर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला. गैरहजेरी, भांडणं, खराब क्वालिटी यांसाठी तो बदनाम होता आणि काही झालं तरी लाइन थांबवायची नाही अशी तिथली रीत होती. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तो न्यूमी नावाने सुरू झाला. कामगार बहुतेक तेच जुने. त्यांच्या हातात दोरी आली आणि थोड्याच काळात क्वालिटी टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ गेली. आपल्याकडे पुष्कळ लाइनवर अँडॉनचे दिवे लागलेत, पण ते बटण दाबणाऱ्याकडे सगळे वळून कसे बघतात ते एकदा उभं राहून बघा. त्या नजरा तशाच राहिल्या तर दिव्यांवरचा खर्च वाया गेला समजा.

मग करायचं काय? पहिलं अर्धं मिनिट सांभाळा. बाकीचं नंतर जमतं.

ऑपरेटर येऊन म्हणाला, 'सर, बोअर मोठा गेला,' की तुमच्या तोंडून पहिला प्रश्न काय निघतो त्यावर पुढचे सहा महिने ठरतात. 'कोणी केलं?' विचारलंत तर ती शेवटची खरी बातमी समजा. मी विचारतो, 'शेवटचा ओके जॉब कुठला?' हा प्रश्न पाठ करून ठेवा. कामाचा तर आहेच, कारण तिथूनच संशयित माल वेगळा करायचा असतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हा प्रश्न ऐकल्यावर समोरचा माणूस आरोपीसारखा उभा राहत नाही. तो तुमच्याबरोबर ट्रे तपासायला वाकतो. माल वेगळा झाला, टॅग लागला, मशीन बंद केली, की एवढंच म्हणा, 'लगेच सांगितलंस ते बरं केलंस.' कारण, जबाबदारी, ट्रेनिंग हे सगळं बोलायचंच आहे, पण दुसऱ्या दिवशी, बाजूला घेऊन, झोप झाल्यावर. थर्ड शिफ्टच्या शेवटी कोणालाही गंभीर काही सुनावू नका. पहाटे माणूस ऐकण्याच्या अवस्थेत नसतो, आणि आपणही बोलण्याच्या अवस्थेत नसतो.

प्रश्न बरोबर आणि चेहरा चुकीचा, असंही होतं. फ्लोअरवर कॉम्प्रेसर, कूलंट, चिप कन्व्हेयर यांच्या आवाजात आपल्याला ओरडूनच बोलावं लागतं. लांबून ओरडून विचारलेला साधा प्रश्नही दहा मशीनपर्यंत दम दिल्यासारखा पोचतो. म्हणून चालत जा, अगदी जवळ जा, आणि समोर न उभं राहता बाजूला उभं राहून जॉबकडे बघत बोला. बोट त्याच्याकडे नको, जॉबकडे हवं. हे लहान वाटेल. करून बघा.

आता वरून येणाऱ्या रागाबद्दल. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये तुम्हाला बोलणी बसणार आहेत. कस्टमरची लाइन थांबली, डेबिट नोट (नुकसानीची वसुली) आली, की मॅनेजर चांगला असला तरी बोलतो, आणि सगळे मॅनेजर चांगले नसतात. तिथून तडक लाइनवर जाऊ नका. स्टोअरमध्ये जा, पाणी प्या, एक फेरी मारा. लाइनवर घेऊन जायचं ते फक्त आकडा आणि वेळ: 'चारच्या गाडीला दीडशे नग हवेत, कुठे अडेल सांगा.' 'साहेब लई तापलेत' हे वाक्य कधीच न्यायचं नाही. त्याने एक नगही जास्त निघत नाही, फक्त लाल बिन रिकामी होते.

हे सुरुवातीला जमणार नाही. हात थरथरतील, आवाज चढेल, घरी गेल्यावर तेच डोक्यात फिरेल. माझंही अजून एखाद्या दिवशी तसंच होतं. यात तुमच्यात काही कमी आहे असं अजिबात समजू नका. लोक एका दिवसावरून पारख करत नाहीत, ते सरासरी बघतात. एखाद्या दिवशी जास्त बोललात तर दुसऱ्या दिवशी त्याच मशीनपाशी, त्याच लोकांच्या देखत, 'काल जास्त बोललो' म्हणा. सगळ्यांसमोर बोलायचं आणि सॉरी मात्र कोपऱ्यात म्हणायचं, हे कामगारांना बरोबर कळतं.

पण एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. समजून घेणं म्हणजे चालवून घेणं नाही. प्रेसवर कोणी लाइट कर्टन (हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर) बायपास केलं असेल, दोन्ही हातांनी दाबायच्या टू-हँड बटणाला पट्टी लावली असेल, गार्ड काढून मशीन चालवत असेल, तर तिथे चर्चा नाही. मशीन बंद. त्या क्षणी. भोसरी-चाकण पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गेलेली माणसं तुम्हाला चहाच्या टपरीवर भेटतील, त्यांच्या हातांकडे बघा. मशीन बंद केल्यावर मात्र विचारा की सेन्सर का काढला. बहुतेक वेळा उत्तर टार्गेटमध्ये असतं. सेन्सर चालू ठेवून तो आकडा निघतच नसतो, आणि तो आकडा बोर्डवर तुम्हीच लिहिलेला असतो.

माणसं ओळखण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, शिफ्टच्या सुरुवातीची फेरी पुरते. हजेरीपट कोरा वाचू नका. पेरणीच्या दिवसांत कोण गैरहजर राहतो, गावच्या जत्रेला कोण जातो, छठला बिहारची मुलं कधी रजा मागतात, रविवारच्या ओव्हरटाइमसाठी कोण स्वतःहून थांबतो आणि त्यामागे घराचा हप्ता आहे की बहिणीचं लग्न, हे माहीत असलं की रजेवरून होणारी निम्मी भांडणं होतच नाहीत. कंत्राटी मुलांबाबत जास्त जपा. शेजारच्याच मशीनवर तेच काम करणारा परमनंट माणूस कितीतरी जास्त पगार घेतो, हे त्याला रोज दिसतं. ते तुम्ही बदलू शकत नाही. म्हणूनच 'पुढच्या वर्षी तुझं करतो' असं खोटं आश्वासन कधीही देऊ नका. माहिती नसेल तर 'माझ्या हातात नाही' असं सरळ सांगा. त्याने माणूस नाराज होतो, पण तुमच्यावरचा विश्वास जात नाही.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर एक मात्र टाळाच: रिजेक्ट जॉबचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. वेळ वाचतो असं वाटतं. प्रत्यक्षात एका माणसाची चूक त्याच्या घरी जेवणाच्या ताटापर्यंत जाते आणि ग्रुपमधल्या बाकीच्या सगळ्यांचा हिशेब बदलतो. आणि मेंटॉर शोधायचा तर प्रेझेंटेशन छान करणारा शोधू नका. प्रत्येक शॉपमध्ये एखादे जुने सेटर (मशीन सेट करून देणारे) मामा असतात, ज्यांच्याकडे पोरं मशीन बिघडली की आधी जातात आणि सुपरवायझरकडे नंतर. त्यांच्याबरोबर चहा घ्या. कोणाची चूक, हे त्यांना विचारू नका, ते सांगणारही नाहीत. 'सध्या कुठे अडतंय, मामा?' एवढंच विचारा आणि गप्प बसा.

शेवटी एक तयारी आधीच करून ठेवा. लोक खरं सांगायला लागले की पहिल्या महिना-दोन महिन्यांत तुमच्या शिफ्टचं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. बाकीच्या दोन शिफ्टचे आकडे छान आणि तुमचे वाईट. मीटिंगमध्ये बोट तुमच्याकडे येईल, आणि इथेच बरेच जण घाबरून परत जुन्या वाटेला लागतात. त्यामुळे महिना सुरू होण्याआधीच मॅनेजरकडे जा. सांगा की लाइनवर पकडलेलं रिजेक्शन वाढेल, मला ते फायनल इन्स्पेक्शनमध्ये आणि कस्टमरकडे सापडलेल्या मालापासून वेगळं मोजू द्या. दोन रकाने करा, शिफ्टनुसार, आणि दर सोमवारी स्वतःहून दाखवा. पहिला रकाना वाढताना दुसरा कमी होतोय का, ते त्यांना स्वतः बघू द्या.