जेम्स स्टुअर्ट कसा पाहावा: विंगेतून बघणारीची पद्धत

नट बोलता बोलता थांबला की विंगेत वही घेऊन बसलेल्या माणसाला, म्हणजे प्रॉम्प्टरला, एकच प्रश्न पडतो: हा विसरलाय की मुद्दाम थांबलाय? विसरला असेल तर शब्द द्यायचा. मुद्दाम थांबला असेल आणि आपण शब्द दिला, तर पडदा पडल्यावर बोलणी खायची. सांगलीत भावे नाट्यमंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना मी वर्षानुवर्षं हेच काम केलं. जेम्स स्टुअर्टकडे माझं लक्ष गेलं ते त्यामुळेच. हा उंच, काटकुळा अमेरिकन नट वाक्य अर्ध्यात सोडतो, अडखळतो, तोच शब्द पुन्हा म्हणतो, आणि तरी कधी शब्द द्यावासा वाटत नाही. एकांकिका करणारी पोरं विचारतात, “ताई, जुने इंग्रजी सिनेमे बघायचेत, सुरुवात कुठून करू?” त्यांना मी हाच नट सांगते.

सुरुवात जन्मसालापासून करू नका. आधी १९५४ चा ‘रिअर विंडो’ लावा. यात तो पाय मोडलेला फोटोग्राफर आहे. कंबरेपर्यंत प्लास्टर, चाकाची खुर्ची, आणि समोरच्या बिऱ्हाडांच्या खिडक्या. चालायचं नाही, फिरायचं नाही, जे काय करायचं ते डोळ्यांनी आणि हातांनी. पहिल्यांदा सरळ बघा. दुसऱ्यांदा दहा मिनिटं आवाज बंद करून बघा. प्लास्टरच्या आत काठी घालून तो खाजवतो, तेव्हाचा चेहरा बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. नेपथ्य करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की ते अख्खं आवार पॅरामाउंटच्या स्टुडिओत आत उभं केलेलं आहे. आमच्याकडे कापडी भिंतीचे दोन फ्लॅट आणि एक दरवाजा उभा करताना नाकी नऊ येतात.

मग मागे जा, १९३९ च्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’कडे. याआधी एक गोष्ट पोरांना समजावून सांगा. अमेरिकन सिनेटमध्ये सभासद उभा राहून बोलत राहिला तर त्याला सहजी खाली बसवता येत नाही. हे माहीत नसेल तर शेवटचा सगळा भाग नुसता आरडाओरडा वाटतो. तासन्‌तास बोलून बसलेला घसा हवा होता, म्हणून डॉक्टरकडून घशात औषध टाकून स्टुअर्टनं तो मुद्दाम सुजवून घेतला होता. पोरांनो, हे करू नका. पण एकदा स्क्रीनकडे पाठ करून तो प्रसंग नुसता ऐका. घसा बसत जातो तशी वाक्यं तुटत जातात, आणि कुठे तुटायचं हे ठरलेलं आहे.

चरित्र आता वाचा, आणि थोडक्यात. जन्म २० मे १९०८, गाव इंडियाना. हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं गाव. इंडियाना नावाचं राज्य वेगळं, तिथे बरेच जण फसतात. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकला, १९३२ ला पदवी घेतली आणि नाटकाच्या मंडळीत गेला. १९३५ पासून एमजीएम या सिनेमा स्टुडिओच्या करारावर. हा करार म्हणजे आपल्या जुन्या नाटक मंडळीतला पगारी नट. मालक देईल ते काम करायचं, आणि मालकानं दुसऱ्याकडे उसना दिला तर तिकडे जायचं. ‘मिस्टर स्मिथ’साठी एमजीएमनं त्याला कोलंबिया स्टुडिओकडे असाच दिला होता. ऑस्कर मिळालं पुढच्या वर्षीच्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ला, आणि ती बाहुली वडिलांच्या दुकानाच्या खिडकीत जाऊन बसली. त्या सिनेमात दारू प्यायलेला स्टुअर्ट मध्येच उचकी देतो. संहितेत ती नव्हती. समोरच्या कॅरी ग्रँटला हसू आवरत नाही, ते नीट बघा. उत्स्फूर्त काही करायचं तर समोरचा सांभाळून घेणारा लागतो.

आता वहीत एक आडवी रेघ मारा. १९४१ ते १९४५. वजन कमी म्हणून सैन्यानं आधी नाकारलं, मग वजन वाढवून तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. पुढे बी-२४ बॉम्बर घेऊन इंग्लंडहून युरोपवर वीस मोहिमा केल्या आणि कर्नल होऊन परतला. ‘रिअर विंडो’ सोडला, तर रेघेच्या अलीकडचे दोन सिनेमे बघितल्याशिवाय पलीकडचा बघू नका, ही माझी एकमेव सक्ती.

पलीकडचा पहिला, १९४६ चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. त्यात टेलिफोनचा प्रसंग येतो. एकाच रिसीव्हरला तो आणि नायिका डोना रीड कान लावून उभे आहेत. एका दमात शूट झाला आणि लिहिलेले बरेच संवाद राहूनच गेले, तरी दिग्दर्शक कापरानं तो तसाच ठेवला, असा किस्सा आहे. मी विंगेत असते तर घाम फुटला असता. पण बघा, एक शब्द कमी पडत नाही. स्टुअर्टचा राग युद्धाआधी असा नव्हता. इथे तो बायकापोरांवर ओरडतो तेव्हा खरंच भीती वाटते. सिनेमा तेव्हा फारसा चालला नाही. पुढे कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं आणि १९७४ नंतर टीव्हीवाले नाताळात फुकट दाखवू लागले, तेव्हा घराघरात पोचला. त्यातला बर्फ फेसाचा आहे. आधी हॉलिवूडमध्ये रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, पण ते पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर भरावे लागत.

कुरकुरण्यावरून आठवलं. घरी चार लोकांना दाखवणार असाल तर भडंग मध्यंतरातच वाटा. स्टुअर्टचं थांबणं आणि भडंगाचं बकाणं एका खोलीत चालत नाही. इंग्रजी सबटायटल लावा, मराठीत अर्थ सांगायचा तो नंतर. विश्रामबागेत आमच्या हॉलमध्ये पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होतो की आम्ही हा कार्यक्रम दिवाळीनंतरच धरतो.

‘विंचेस्टर ७३’ (१९५०) व्यवहारासाठी बघा. ठरीव मानधनाऐवजी त्यानं नफ्यात वाटा घेतला, आणि त्यानंतर इतर नटही वाटा मागायला लागले. वेस्टर्न आवडत नसेल तर निम्मा बघून सोडला तरी चालेल.

‘व्हर्टिगो’ (१९५८) शेवटी ठेवा, आणि एकट्यानं बघा. उंचीची भीती बसलेला निवृत्त डिटेक्टिव्ह, एका बाईच्या मागे गाडी घेऊन फिरतोय, कितीतरी वेळ संवादच नाहीत. तेव्हा समीक्षकांचं मत संमिश्र होतं. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात तो पहिला आला. मला तो पहिल्या नंबरचा वाटत नाही, मध्ये लांबतो. पण बाईला तसेच कपडे, तसेच केस करायला लावताना स्टुअर्ट जे करतो, ते अमेरिकेच्या लाडक्या, सज्जन नटानं करायला धाडस लागतं. अडखळणं तेच आहे. मिस्टर स्मिथ अडखळला की माया वाटायची, इथे अंगावर काटा येतो.

एवढं झाल्यावर ज्याला कोर्टातलं नाटक करायचंय त्यानं ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ (१९५९) बघावा. त्यात न्यायाधीशाचं काम करणारे गृहस्थ खरोखरचे वकील होते. उलटतपासणीचा एक प्रसंग निवडा, संवाद कागदावर उतरवा, आणि स्टुअर्ट थांबतो तिथे तिथे पेन्सिलीनं उभी रेघ मारा. मग तोच कागद मित्राच्या हातात द्या, स्वतः बोला, आणि प्रत्येक रेघेवर तो शब्द द्यायला तोंड उघडतो का ते बघा.