रेसकारसाठी ग्लास फायबरचा पाटा

छोट्या रेसकारला पाटा (पट्टीसारखी लीफ स्प्रिंग) करताना कार्बनच्या मोहात पडू नका. स्प्रिंगचं काम वाकून ऊर्जा साठवणं. ई-ग्लास (नेहमीचं ग्लास फायबर) तुटण्याआधी कार्बनपेक्षा जास्त ताणलं जातं आणि स्वस्तही पडतं. १९८१ च्या ऑटोमॅटिक कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारमध्ये मागचा आडवा पाटा ग्लास फायबरचाच होता.

एका टोकाला पकडलेल्या पाट्याचा ताठपणा म्हणजे यंग्ज मॉड्युलस (पदार्थाचा मूळ ताठपणा) × रुंदी × जाडीचा घन, भागिले चौपट लांबीचा घन. मॉड्युलस ३८,००० मेगापास्कल, रुंदी ५०, जाडी १०, मोकळी लांबी २५० मिमी धरली की मिलिमीटरला ३० न्यूटन येतात. जाडी अर्धा मिमी चुकली, तर ताठपणा १६ टक्क्यांनी चुकला.

म्हणून साच्यावर कंजुषी नको. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून १२ मिमीच्या दोन एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटा सरफेस ग्राइंड करून, म्हणजे घासून सपाट करून आणा. मध्ये १० मिमीचे स्पेसर, बाजू बंद, टोकं उघडी. मेणाचे चार हात द्या. ३२० × १२० मिमीत ६०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) यूडी, म्हणजे सगळे तंतू लांबीच्या दिशेने असलेल्या कापडाचे २२ थर, वर-खाली ४०० जीएसएमचा ४५ अंशांत विणलेला एकेक. कापड ५४० ग्रॅम होतं. संथ हार्डनरसह (घट्ट करणाऱ्या द्रवासह) इपॉक्सी रेझिन ३०० ग्रॅम कालवा. त्यातलं शंभरेक ग्रॅम टोकांतून गळेल, गळू द्या. कालवलेलं रेझिन डब्यात ठेवलं तर तापून धूर काढतं. पसरट ट्रेमध्ये ओता.

बेळगावचा पावसाळा इथे खरा वैरी. कापड ६० अंशांवर दोन तास वाळवा, हार्डनरचं झाकण उघडं सोडू नका. थर रेझिनने भिजवून साच्यात चोवीस तास दाबात, मग हळूहळू ८० अंशांवर नेऊन चार तास.

मास्क लावून, पाणी सोडत डायमंड ब्लेडने तंतूंच्या दिशेने ५३ मिमीचे (३ मिमी घासायला जादा) दोन पाटे कापा. बुडाशी, म्हणजे पकडायच्या टोकाला, भोक पाडलंत तर पाटा तिथूनच लांबीत चिरतो. रबर पॅड लावून क्लॅम्पमध्येच धरा.

टोकाला २० किलो टांगून डायल गेज (वाक मोजायचं घड्याळ) लावा: ६.५ मिमी वाकायला हवा. कमी वाकला तर रुंदी घासा, जाडीला हात लावू नका. सर्वांत जास्त ताण बाहेरचेच तंतू पेलतात. जास्त वाकला तर आधी क्लॅम्प तपासा, पॅड दबला की मोकळी लांबी वाढते. बुडाशी पांढुरका डाग दिसला किंवा टिक-टिक आली, तर तो पाटा बाद.