मॅक्रोचा पेपर: वक्र सरकवण्याआधी या चुका टाळा

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं शनिवारी दादरला माझ्याकडे मॅक्रो, म्हणजे समष्टी अर्थशास्त्र, शिकायला येतात. वह्या छान असतात, आयएस-एलएमची (वस्तूंचा बाजार दाखवणारा आयएस आणि पैशाचा बाजार दाखवणारा एलएम, या दोन वक्रांची) आकृती तीन रंगांत काढलेली असते, तरीही पेपरात मार्क जातात. 'सरकारी खर्च वाढला की आयएस उजवीकडे' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. मधे काय काय घडलं, हे विचारलं की मुलं गप्प होतात. खालच्या जवळपास सगळ्या चुकांचं मूळ तिथेच आहे.

वक्र सरकला, की आपण वक्रावरून सरकलो?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात, म्हणून इथे जरा थांबू. विरारहून येणाऱ्या एका मुलीने लिहिलं होतं, 'व्याजदर कमी झाला, त्यामुळे गुंतवणूक वाढली, त्यामुळे आयएस वक्र उजवीकडे सरकला.' पहिले दोन तुकडे बरोबर, तिसरा चूक. व्याजदर तर उभ्या अक्षावरच बसलाय. तो बदलला की आपण त्याच वक्रावरून खाली उतरतो. वक्र जागचा हलतो तो अक्षावर नसलेली गोष्ट बदलली की: सरकारी खर्च, कर, उद्योजकांचा भरवसा.

मी तिला आकृती मिटवायला लावली आणि आकडे दिले. उपभोग = १२० + ०.८ × (उत्पन्न − कर). कर १५०, सरकारी खर्च १८०. गुंतवणूक = २२० − २० × व्याजदर. पैशाचा वास्तव पुरवठा ६०० आणि मागणी = ०.५ × उत्पन्न − ५० × व्याजदर.

सोडवलं की आयएस येतो: उत्पन्न = २००० − १०० × व्याजदर. एलएम येतो: उत्पन्न = १२०० + १०० × व्याजदर. दोन्ही जुळतात तिथे व्याजदर ४ टक्के, उत्पन्न १६००.

आता सरकारी खर्च २० ने वाढवा. गुणक, म्हणजे खर्च एक रुपयाने वाढला की उत्पन्न किती रुपयांनी वाढतं तो आकडा, ५ आहे, म्हणून बहुतेक जण उत्पन्न १०० ने वाढवून मोकळे होतात. आयएस १०० ने सरकतो हे खरंच आहे, पण समतोल काही तितका सरकत नाही. पुन्हा सोडवा: व्याजदर ४.५, उत्पन्न १६५०. वाढ फक्त ५०. उरलेले ५० गेले कुठे? उत्पन्न वाढलं, लोकांना व्यवहाराला जास्त पैसा लागला, पुरवठा तेवढाच, म्हणून व्याजदर अर्ध्या टक्क्याने चढला आणि गुंतवणूक १४० वरून १३० वर आली. सरकारने २० घातले, खासगी गुंतवणुकीतून १० गेले, निव्वळ १० वर गुणक ५ लागला. ही साखळी स्वतःच्या हाताने एकदा सोडवलीत की 'क्राउडिंग आउट'ची, म्हणजे सरकारी खर्चामुळे खासगी गुंतवणूक मागे हटण्याची, व्याख्या घोकावी लागत नाही. त्या मुलीला ती दुसऱ्या आठवड्यात न बघता सांगता आली, आणि तेव्हा मला फार बरं वाटलं.

रोजच्या भाषेतले शब्द तसेच पेपरात नेणं

'काकांनी दादरमध्ये जुन्या फ्लॅटमध्ये गुंतवणूक केली' असं आपण घरी म्हणतो. मॅक्रोमध्ये ती गुंतवणूक नाही. तो फ्लॅट बांधला त्या वर्षीच मोजून झाला. आता नुसता मालक बदलला. यंदाच्या जीडीपीत येईल ती दलालासारख्यांनी दिलेली सेवा. शेअर खरेदीचंही तेच. नवी इमारत, नवं यंत्र, गोदामातला वाढलेला साठा, ही गुंतवणूक.

महागाईचंही तसंच. वडापाव १५ रुपयांचा १८ झाला आणि पुढच्या वर्षी २०. पहिल्या वर्षी दरवाढ २० टक्के, दुसऱ्या वर्षी सुमारे ११. महागाईचा दर उतरला, वडापाव मात्र महागलाच. 'महागाई कमी झाली म्हणजे किमती उतरल्या' असं लिहिलंत की तपासणारा तिथेच थांबतो.

आणि आयात. 'आयात वजा करतात, म्हणजे आयातीने जीडीपी घटतो' हे मला दरवर्षी ऐकू येतं. २०,००० रुपयांचा मोबाइल थेट परदेशातून मागवला तर उपभोगात २०,००० चढतात आणि आयातीत तेवढेच वजा होतात. बेरीज शून्य. जे इथे बनलंच नाही ते चुकून मोजलं जाऊ नये, एवढ्यासाठी ती वजाबाकी आहे.

पुस्तकातला एलएम आणि फोर्टातली रिझर्व्ह बँक

जॉन हिक्स यांनी १९३७ साली ही चौकट मांडली, तीत मध्यवर्ती बँक पैशाचा पुरवठा ठरवते आणि व्याजदर बाजारात ठरतो. आपल्याकडे आज सहा सदस्यांची पतधोरण समिती रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना अल्पकाळासाठी पैसे देते तो व्याजदर) ठरवते. म्हणजे दर आधी, आणि पैसा त्या दराला लागेल तसा पुरवला जातो. अशा वेळी एलएम आडवा काढतात, आणि वरच्या उदाहरणातलं क्राउडिंग आउट होतच नाही, कारण बँक दर चढू देत नाही. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत. एकाच उत्तरात त्यांची सरमिसळ केली की सगळं फसतं. उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहा: पुरवठा स्थिर धरलाय की दर.

सरावासाठी खरी घटना घ्या. ४ मे २०२२ रोजी समितीने ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो ४ वरून ४.४० टक्के केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर नेला. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ ची मुभा. ही दरवाढ आडव्या एलएमने काढून बघा, मग कारणांची साखळी मराठीत मोठ्याने बोला. पेपर इंग्रजीत लिहिणार असाल तरीसुद्धा आधी मराठीत. जे बोलता येत नाही ते अजून समजलेलं नाही, असं समजा.

काळ न सांगता उत्तर लिहिणं

'बचत वाढली तर काय होईल?' केन्सच्या चौकटीत मागणी घटते, उत्पन्न घटतं. रॉबर्ट सोलो यांच्या १९५६ च्या आर्थिक वाढीच्या प्रारूपात भांडवल साठतं, दरडोई उत्पन्न वाढतं. मुलं गोंधळतात आणि दोन्ही अर्धं अर्धं लिहितात. पहिलं उत्तर अल्पकाळाचं, जिथे कारखाने अर्धे रिकामे असू शकतात, दुसरं दीर्घकाळाचं. सोलोतही एक खाच आहे: बचतीचा दर वाढल्याने उत्पन्नाची पातळी कायमची वर जाते, वाढीचा वेग मात्र फक्त मधल्या काळापुरता चढतो.

मुंडेल-फ्लेमिंगबद्दल, म्हणजे परदेशी व्यापार आणि विनिमय दर धरून मांडलेल्या आयएस-एलएमबद्दल, एकच सांगते. विनिमय दर म्हणजे एका डॉलरला किती रुपये, की एका रुपयाला किती डॉलर, हे अक्षाशेजारी आधी लिहा. पहिल्या पद्धतीत आकडा वाढला की रुपया घसरतो. निम्मे बाण इथेच उलटे पडतात.

गणित जुळत नसेल तर

आलेला व्याजदर परत गुंतवणुकीच्या समीकरणात घाला आणि उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च यांची बेरीज करा. वरच्या पहिल्या उदाहरणात १२८० + १४० + १८० = १६००. जुळत नसेल तर उपभोगात कर वजा करायचा राहिलाय का ते पाहा, मग व्याजदर ४ धरलाय की ०.०४. नंतर वास्तव पुरवठा काढताना किंमत पातळीने भागलंय का ते बघा. बहुतेक वेळा चूक या तीनपैकी एका ठिकाणी सापडते.