साईटवर आधी मालाचं चलन मोबाईलमध्ये आणा, सॉफ्टवेअर नंतर

सॉफ्टवेअर विकणारा ऑफिसात येतो, टीव्हीला लॅपटॉप जोडतो आणि शेठना रंगीत बार चार्ट दाखवतो. शेठ खूश. वर्षाचे पैसे भरले जातात. पुढचे दोन स्लॅब भरून होईपर्यंत त्या ॲपमध्ये नोंद करणारा एकच माणूस उरतो, ज्युनिअर इंजिनिअर. तोही शनिवारी संध्याकाळी, आठवड्याचं आठवून आठवून.

मी नाशिकमध्ये छोट्या कंत्राटदारांची बिलिंग आणि प्लॅनिंगची कामं बघते. पार्किंग आणि वर पाच-सहा मजले, एक मुकादम, स्टोअरला एक मामा, दोन इंजिनिअर, एवढा पसारा असलेल्या साईट. हे त्यांच्यासाठी आहे. मोठ्या कंपन्यांकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात.

सुरुवात कुठून करायची? ज्या कागदावरून भांडण होतं त्या कागदापासून. आपल्याकडे तो कागद म्हणजे माल आल्याचं चलन. महिनाअखेरीस सप्लायर बिल लावतो, मामांच्या वहीत दोन गाड्या कमी असतात, आणि चलनाची कार्बन कॉपी पावसात भिजून निळी झालेली असते.

त्यासाठी गुगल फॉर्म पुरतो. रकाने कमी ठेवा: कोणता माल, किती, गाडी नंबर, चलनाचा फोटो, मालाचा फोटो. तारीख-वेळ तो आपोआप घेतो आणि प्रत्येक नोंद त्याला जोडलेल्या गुगल शीटमध्ये जाते. मालाची नावं यादीतून निवडायला द्या, टाईप करायला लावू नका, नाहीतर 'सिमेंट', 'सिमेट' आणि 'सीमेंट' असे तीन माल शीटमध्ये उभे राहतात. फोटो जोडायचा तर भरणाऱ्याच्या फोनवर गुगल खातं लागतं. ते साईटच्या नावाने नवीन काढा. मामांचं स्वतःचं खातं वापरलं तर मामा गावी गेले की काम अडतं. फॉर्मही फर्मच्या खात्यातून बनवा, इंजिनिअरच्या नाही. फोटो ज्याचा फॉर्म त्याच्या ड्राईव्हमध्ये जाऊन बसतात. फुकटची जागा १५ जीबी, तेव्हा फोटो मध्यम आकाराचे काढा.

बेसमेंटमध्ये रेंज नसते आणि गुगल फॉर्म रेंजशिवाय जात नाही. मामांना सांगा: गाडी उभी असताना साध्या कॅमेऱ्याने फोटो काढा, बेसमेंटमधून वर आल्यावर फॉर्म भरा. फक्त गाडी फोटोशिवाय सोडायची नाही.

खडी आणि क्रश सँड ब्रासवर येते, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीचा हौदा १४ फूट लांब, ७ फूट रुंद आणि माल साडेतीन फूट असेल तर ३४३ घनफूट, म्हणजे ३.४३ ब्रास. गोम त्या साडेतीन फुटांत असते. माल मध्ये ढिगासारखा आणि कोपऱ्यात बसलेला असतो, ड्रायव्हर टेप नेमकी मधोमध धरतो. माल वरून सारखा करून घ्या, टेप कोपऱ्यात आणि मध्ये दोन्हीकडे धरून आकडा दिसेल असे दोन फोटो घ्या. शीटमध्ये लांबी-रुंदी-उंची टाकली की ब्रास ती काढते. मामांनी गुणाकार करायचा नाही, आणि ड्रायव्हरने तर नाहीच नाही.

सळईचं उलट आहे. तिथे वजनकाट्याची पावती असते, म्हणून मोजणीकडे कुणी बघत नाही. एमएममधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो, हे सूत्र शीटमध्ये घालून ठेवा. १२ एमएमचा मीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरच्या नगाला साधारण १०.६७ किलो. १०० नग मोजले तर १०६७ किलोच्या आसपास यायला हवं. आता थोडा फरक दिसला म्हणून लगेच सप्लायरच्या अंगावर जाऊ नका. सळईच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात १० एमएमपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ एमएमपर्यंत ५ टक्के आणि त्याहून जाड सळईला ३ टक्के फरक चालतो. त्यापलीकडचं शीट लाल करेल असं लावून द्या. लाल झालं की फोन करा.

चलन सुरळीत झालं की ड्रॉइंगकडे वळा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ड्रॉइंग टाकणं बंद, एवढा एक नियम केला तरी निम्मं काम झालं. ग्रुपमध्ये आर१ (ड्रॉइंगची पहिली सुधारणा) वर सरकून जातं, आर२ खाली येतं, आणि सळई बांधणाऱ्या फिटरच्या फोनच्या गॅलरीत दोन्ही असतात. तो अंगठ्याला आधी लागेल ते उघडतो. ड्राईव्हमध्ये 'चालू' नावाचं एक फोल्डर ठेवा, त्यात प्रत्येक ड्रॉइंगची एकच फाईल. नवीन आलं की जुनं त्याच मिनिटाला 'रद्द' फोल्डरमध्ये. 'चालू'चा क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून सळई कापायच्या जागी लावा. तरीही बीमचं शेड्यूल ए३ वर छापून फिटरच्या हातात द्याच. सहा इंचाच्या स्क्रीनवर रिंगांचं अंतर वाचायला लावणं हा छळ आहे.

हजेरीची गोष्ट नाजूक. बोटाचं मशीन आणू नका. सिमेंटने बिगाऱ्यांच्या बोटांच्या रेषाच झिजलेल्या असतात, सकाळी अर्धी गँग मशीनपुढे बोटं घासत उभी राहते. चेहरा ओळखणाऱ्या ॲपला तर माणसं बिचकतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. आमच्याकडे मुकादम सकाळी नऊला गँगचा एक फोटो टाकतो आणि बोलून नोट पाठवतो: "मॅडम, गवंडी चार, बिगारी सात, फिटर आज नाहीत." शीटमध्ये भरणं इंजिनिअरचं. मुकादमाला लिहायला लावलंत तर चौथ्या दिवशी त्याचा फोन 'बिघडतो'.

मुकादम हे करतो कारण खर्ची, म्हणजे गँगचे आठवड्याचे पैसे, त्याच शीटवरून निघते. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्याला आठवड्याची हजेरी आणि आधीची उचल फोनवर दाखवायची, त्याने 'बरोबर' म्हटलं की पैसे. सगळी पद्धत या एका खिळ्यावर टांगलेली आहे. शीटमध्ये नाही ती हजेरी नाही, फॉर्ममध्ये नाही ते चलन नाही, आणि सप्लायरचं बिलही त्यावरूनच पास. एकदा जरी शेठनी "जाऊ दे, देऊन टाक" म्हटलं, की पुढच्या आठवड्यापासून वही परत आली समजा. शेठना आणखी एक सांगायचं. मामांना फोन करून "सिमेंट किती उरलं?" विचारायचं नाही, आधी शीट उघडायची. मालकच उघडत नसेल तर बाकीच्यांनी का भरावी?

मग काँक्रीट. प्रत्येक भराईला एक खूण द्या, उदाहरणार्थ 'बी-३-०४': बी विंग, तिसरा मजला, चौथी भराई. हीच खूण आरएमसीच्या (प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रीटच्या) चलनावर, ताकद तपासायच्या क्यूबवर, फोटोवर, पोर कार्डवर (भराईच्या नोंदीच्या कागदावर) आणि शेवटी बिलात. वर्षाने कुणी विचारलं की त्या कॉलमचं काँक्रीट कुठल्या गाडीचं, तर एका शोधात सापडतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे ३० घनमीटरच्या स्लॅबला तीन सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांनी तपासायला ९. सात दिवसांचे हवेत तर वेगळे भरा. भराईची तारीख टाकली की सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची तारीख शीटने काढावी आणि इंजिनिअरच्या कॅलेंडरवर लावावी.

स्लॅब-बीमखालचे सपोर्ट काढायची तारीखही तिथेच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४. बीमला सहा मीटरपर्यंत १४, पुढे २१. पण हे दिवस ओपीसीचे, म्हणजे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत आणि हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. निफाडकडच्या साईटवर जानेवारीत रात्री पारा एक आकड्यावर येतो, वर आपण बहुतेक पीपीसी वापरतो, म्हणजे राख मिसळलेलं, सावकाश ताकद घेणारं सिमेंट. म्हणून तारखेच्या शेजारी 'आरसीसी कन्सल्टंटचा (स्ट्रक्चर डिझाईन करणाऱ्या इंजिनिअरचा) होकार' असा रकाना ठेवा. तो रिकामा असेल तर सेंट्रिंगवाल्याने कितीही घाई केली तरी प्लेट हलवायची नाही. त्याला पुढच्या साईटवर प्लेटा हव्या असतात, म्हणून घाई असतेच.

एवढं अंगवळणी पडलं की सॉफ्टवेअर घ्यायचं का ते बघा. प्रायमाव्हेरा, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर, आपल्या कामाचं नाही. सहा मजल्यांचा बार चार्ट एक्सेलमध्ये होतो. ॲप घ्यायचंच तर विकणाऱ्याला चार गोष्टी विचारा: मराठी किंवा हिंदीत चालतं का, रेंज नसताना नोंद होते का, पैसे माणशी की साईटमागे, आणि सोडायचं ठरलं तर सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का. शेवटच्या प्रश्नाला तो "तशी वेळच येणार नाही" म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

बिल्डर स्वतः असाल तर महारेराच्या (राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाच्या) कामात याचा फायदा लगेच दिसेल. दर तिमाहीची माहिती भरताना आणि ग्राहकांच्या पैशातली ७० टक्के रक्कम असलेल्या खात्यातून पैसे काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे फॉर्म १, २, ३ लागतात. भराईच्या खुणा असतील तर किती टक्के काम झालं याचा आकडा साईटला फोनाफोनी न करता निघतो.

कागद पूर्ण सोडू नका. चलनावर मामांची सही हवीच, सरकारी कामाला मेजरमेंट बुकावर सही लागतेच. वही आणि फॉर्म एक स्लॅब होईपर्यंत दोन्ही चालू द्या आणि दोन्हींचा ताळा करा. जुळलं की वही मामांसमोरच बंद करा, नाहीतर ते खात्रीसाठी दोन्ही भरत राहतील आणि वैतागून फॉर्म सोडतील. साईटच्या फोनला झिपची प्लास्टिक पिशवी आणि पॉवर बँक जूनच्या आधी घेऊन ठेवा.